बेडकाची तब्येत

सुरुवातीलाच माफी मागतो. दिवाळी अंकात लिहायचं तर आयुष्यात काहीतरी करून दाखवलेलं असावं लागतं, अशी माझी समजूत होती. मी आजवर लोकांनी आणलेल्या बाटल्या तपासल्या. संपादक माझ्याकडे साखर तपासायला आले होते. रिपोर्ट चांगला निघाला, त्या आनंदात "तुम्हीही काहीतरी लिहा की" असं म्हणून गेले. साखर जरा जास्त निघाली असती तर वाचकांवरची ही वेळ टळली असती. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं, आणि लग्नपत्रिकेखेरीज कोणाचं नाव छापून आलेलं नाही. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

मी लॅब टेक्निशियन आहे. डॉक्टर आजार ओळखतात, त्याआधी आम्ही रक्त, लघवी, थुंकी वगैरे तपासून त्यांना कागद देतो. कागद बरोबर निघाला तर डॉक्टर हुशार ठरतात आणि चुकला तर लॅब भिकार ठरते. धंद्याची माहिती म्हणून बाहेरच्या माणसाला एवढी पुरे.

डॉक्टर होण्याइतके मार्क नव्हते आणि शेती करण्याइतकी अक्कल नव्हती, म्हणून मी या पदविकेला गेलो, असं आमच्या आबांचं मत होतं. नाशकात मखमलाबादच्या रस्त्याला आमचा मळा होता. झेंडू, शेवंती, कडेला कोथिंबीर. आबा पहाटे फुलं घेऊन पंचवटीत जायचे, आणि मुलगा कुठे जातो असं कोणी विचारलं की "कॉलेजात" एवढंच सांगायचे. पुढचं विचारलं तर फुलांचा भाव सांगायचे. आईला मी सांगितलं होतं की मी युरिन शिकतो. हा शब्द आईसमोर बिनदिक्कत उच्चारता येतो, हा मला इंग्रजीचा झालेला पहिला उपयोग. तिला वाटलं काहीतरी हिशेबाचं असेल.

गोष्ट सत्तरनंतरच्या पाच-सहा वर्षांतली, म्हणजे तेरा-चौदा वर्षांपूर्वीची. कॉलेज म्हणजे एका संस्थेच्या इमारतीमागच्या दोन खोल्या आणि एक अंगण. पाटी मात्र दोन्ही खोल्यांना पुरून उरेल एवढी. शिकवायला सबनीस सर. चांगला मायक्रोस्कोप एकच होता. त्याच्यावर सरांच्या घरून शिवून आलेलं निळं कव्हर असे आणि कपाटाची किल्ली सरांच्या खिशात. परीक्षेत मायक्रोस्कोपची आकृती विचारली असती तर आमच्यातल्या निम्म्यांनी कव्हरचीच काढली असती. पुस्तक इंग्रजीत. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचो आणि कळलं नाही की पाठ करायचो. त्यामुळे बरंचसं पाठ झालं.

कॉलेजच्या लॅबमध्ये बाहेरच्या पेशंटच्या तपासण्याही व्हायच्या. आमचा हात बसावा हा हेतू. पेशंटचं काय व्हावं याबद्दल हेतू नसावा. लोक अत्तराच्या कुपीपासून सरबताच्या बाटलीपर्यंत कशातूनही नमुना आणत. मालेगावचे एक लूममालक आठवतात. त्यांना साखरेचा संशय होता. स्वतःला वेळ नव्हता म्हणून त्यांनी कारखान्यातल्या माणसाचा नमुना पाठवून दिला. रिपोर्ट निर्दोष आला. नंतर ते स्वतः आभार मानायला आले तेव्हा हा प्रकार कळला. मी घाबरत घाबरत म्हणालो की हा तर तुमच्या माणसाचा रिपोर्ट झाला. ते म्हणाले, "माणूस माझाच ना?" आणि आम्हा सगळ्यांना पेढे वाटून स्वतःही दोन खाल्ले.

आता मुख्य विषय, बेडूक.

बाई गरोदर आहे की नाही हे तेव्हा बेडकाला विचारत. चेष्टा नाही, अभ्यासक्रमात होतं. पावसाळ्यात अंगणात येतो तो खरबरीत, मातकट बेडूक. पुस्तकात त्याला भेक म्हणतात. गरोदर बाईच्या लघवीत एक द्रव्य असतं. ती लघवी नर बेडकाच्या पाठीच्या कातडीखाली टोचली की दोन-तीन तासांत बेडकाच्या लघवीत शुक्रजंतू उतरतात. ते मायक्रोस्कोपखाली दिसले तर बाई गरोदर, नाही दिसले तर नाही. मुंबईला तोवर काचपट्टीवर दोन थेंब मिसळून हे कळायला लागलं होतं. आमच्या अभ्यासक्रमापर्यंत ती बातमी पोचायची होती. कसारा घाट चढायला तिला वेळ लागला असावा.

बॅचमध्ये मळा असलेला मी एकटाच. त्यामुळे बेडूक आणण्याचं काम माझ्याकडे आलं. गुणवत्तेवर मिळालेलं हे माझं पहिलं पद. नर कसा ओळखायचा तेही मीच सर्वांना दाखवायचो. बेडकाला काखेखाली चिमटीत धरला की नर कुरकुरतो, मादी गप्प राहते. हे ऐकून आमच्या बॅचमधल्या दोघी मुली पहिल्यांदा हसल्या. अंगणातल्या सिमेंटच्या टाकीत जाळीखाली बेडूक ठेवलेले असत. एकदा टोचलेल्या बेडकाला काही आठवडे विश्रांती द्यावी लागते, म्हणून त्याच्या पायात लाल दोरा बांधायचा. दोरा म्हणजे रजा. त्या कॉलेजात हक्काची रजा फक्त बेडकांना होती.

जानेवारी होता. निफाडची थंडी त्या वर्षी नाशकात मुक्कामाला आली होती. सकाळी घोटीहून दोन बायका आल्या. सासू भागाबाई, सून मंजुळा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. मंजुळाची पाळी चुकली होती, पण ती पूर्वीही अशीच चुकायची, आणि एकदा तर डॉक्टरांनी पिशवी साफही केली होती. या वेळीही डॉक्टर म्हणाले, तपासणी करून आणा. दिवस गेलेले नसतील तर पुढच्या आठवड्यात पुन्हा पिशवी साफ करून टाकू. वारसुद्धा ठरवून दिला होता. हे सगळं भागाबाईंनी खिडकीपाशी उभं राहून, रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. राहतात घोटीला, भाताच्या गिरणीमागे, हेही सांगितलं. मंजुळा पदर तोंडावर धरून भिंतीकडे बघत होती.

"आन सांगनार कोन? डाक्टर?" भागाबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, बेडूक.

मग सर पुढे झाले आणि त्यांनी तिला सगळी प्रक्रिया समजावून दिली. इंग्रजीतून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या खाचरात लय हायत. त्यांनलाच इचारलं आसतं."

सकाळी बेडूक टोचला, दुपारी तपासला. काही दिसलं नाही. सरांनी रिपोर्टवर सही केली, निगेटिव्ह. खिडकीतून तो मी दिला आणि त्याचा अर्थ सांगितला. भागाबाईंनी कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घातला आणि चालू लागल्या. मंजुळा मागे थांबली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलली.

"दादा, त्यो बेडूक बरा हाय ना?"

मी म्हणालो, सर्व तपासण्या प्रमाणित पद्धतीने होतात. हे वाक्य मला पाठ होतं. ती मान हलवून गेली.

पेशंट स्वतःच्या तब्येतीचं विचारतात, बिलाचं विचारतात. बेडकाच्या तब्येतीचं तिच्याआधी कोणी विचारलं नव्हतं, तिच्यानंतरही नाही. गंमत वाटली म्हणून मी अंगणात गेलो. टाकीत सगळे बेडूक ओल्या गोणपाटाखाली एकमेकांना चिकटून पडले होते. सकाळचा बेडूक पायातल्या नव्याकोऱ्या लाल दोऱ्यावरून ओळखला आणि काखेखाली चिमटीत धरला. तो कुरकुरला नाही. नर असून कुरकुरला नाही. हातात दगड धरावा तसा गार आणि ताठ.

असा बेडूक मी ओळखत होतो. हिवाळ्यात वाफे खणताना मातीत असे निघतात. ढेकूळच वाटतं. आबा कुदळ थांबवायचे आणि म्हणायचे, झोपलाय, झाकून टाक. आम्ही झोपलेल्या बेडकाला प्रश्न विचारला होता, तो काही बोलला नाही, आणि त्याच्या न बोलण्यावर सरांनी सही केली होती. त्या सहीवर पुढच्या आठवड्यात मंजुळाची पिशवी साफ होणार होती. तिला दिवस गेलेले असतील तर पिशवी साफ होताना तेही जाणार होते, आणि कोणाला कधी कळणारही नव्हतं.

सरांना सांगितलं. ते नुकतेच मायक्रोस्कोपला कव्हर घालत होते.

"पुस्तकात बेडकाच्या झोपेबद्दल काही लिहिलंय?"

"नाही सर."

"मग?"

पुस्तक लिहिणाऱ्याच्या खोलीत शेगडी असणार, असं मी म्हणालो. मनातल्या मनात. तिथे मी फार धीट आहे. उघडपणे एवढंच म्हणालो की शिल्लक नमुना फ्रिजमध्ये आहे, उद्या सरावासाठी पुन्हा करून बघू का. सराव या शब्दाला सर नाही म्हणत नसत. त्यात त्यांना काही करावं लागत नसे.

संध्याकाळी मी फुलांच्या करंडीत ओलं गोणपाट टाकलं, दोन बेडूक घातले आणि सायकलच्या कॅरिअरला बांधून घरी नेले. एक सकाळचा, लाल दोऱ्याचा, आणि एक न वापरलेला. आई चुलीपुढे होती.

"कॉलेजात पाठवला तर बेडूक घेऊन आला," ती म्हणाली. "मळ्यात कमी होते का?"

मग सांगावं लागलं. सगळंच सांगावं लागलं, युरिन म्हणजे काय तेही. मला वाटलं की आता माझं शिक्षण संपलं. आई उठली, चुलीमागच्या भिंतीजवळचा हंडा सरकवून तिने जागा केली, करंडी तिथे ठेवली आणि तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. "भाकरीच्या बाजूला येऊ देऊ नको," एवढंच म्हणाली. दोऱ्याचा बेडूक आबांनी हातात घेऊन पाहिला. त्याचं काम झालेलं आहे म्हटल्यावर त्यांनी तो शेवंतीच्या वाफ्यात नेऊन मातीने झाकून टाकला.

सकाळी करंडीतून आवाज येत होता. आबा म्हणाले, बोलायला लागला, ने आता.

लॅबच्या फ्रिजमध्ये मंजुळाची बाटली सरांच्या दह्याच्या भांड्याशेजारी होती. ती हातात धरून कोमट केली. आधी जुन्या, धुरकट मायक्रोस्कोपवर बेडकाची लघवी तपासली, तीत काही नव्हतं. मग टोचलं आणि त्याला सिरिंज उकळायच्या स्टोव्हजवळ उबेला ठेवलं. दुपारी सरांनी किल्ली दिली. काचपट्टीवर थेंब घेऊन डोळा लावला. शिवणकामात बारीक दोऱ्याचे तुकडे पडतात ना, तसे तुकडे आणि सगळे वळवळत होते. मी पुस्तकातली ती आकृती दहादा पाहिली होती. आकृतीत ते हलत नाहीत.

सरांनी पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"एका बेडकाच्या मतावरून रिपोर्ट बदलता येत नाही," ते म्हणाले.

"सर, कालचाही एकच होता."

माझ्या तोंडून हे कसं गेलं मला अजून ठाऊक नाही. सर शांतपणे म्हणाले, "कालच्यावर माझी सही आहे." नवा रिपोर्ट हवा असेल तर पेशंटने नवा नमुना आणावा आणि नवी फी भरावी, असा नियम त्यांनी मला दाखवला. नियम खरंच होता. भिंतीवर टांगलेला होता.

मंजुळाच्या नाशकातल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांच्या कंपाउंडरने आत सोडलं नाही, म्हणाला, सहीचा कागद आणा. मग सायकल स्टँडकडे वळवली. घोटीची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून माणसं आत कोंबत होता. माणसाहाती निरोप पाठवायची तेव्हा सर्रास पद्धत होती. डबे जायचे, औषधं जायची, एकदा तर जावयाची समजूत गेलेली मला माहीत आहे. पण हा निरोप भरल्या गाडीपुढे सांगायचा कसा? शेवटी म्हणालो, गिरणीमागच्या भागाबाईंना सांगा, डॉक्टरकडे जाऊ नका, दुसरा बेडूक हो म्हणाला.

कंडक्टरने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"दुसरा बेडूक हो म्हणाला. येवढंच?"

"एवढंच."

त्याने घंटीची दोरी ओढली.

रविवारी राहवलं नाही, स्वतःच घोटीला गेलो. डॉक्टरांनी दिलेला वार अजून पुढे होता. गिरणी सापडली, घर सापडलं, दाराला कुलूप होतं. गिरणीपुढे बसलेल्या मंडळींना विचारलं, इथली सून कुठे भेटेल. परक्या तरुणाने कोणाच्या सुनेची चौकशी करावी हे घोटीत चालत नाही. नाशकातही चालत नाही. एकाने विचारलं, तुम्ही कोण? खोटं बोलायची सवय नव्हती आणि टेक्निशियन हा शब्द त्या वेळी आठवला नाही. मी म्हणालो, मी लघवी तपासतो. यानंतर घोटीत थांबण्यासारखं काही उरलं नाही. दोघे जण मला स्टँडपर्यंत सोडायला आले, आणि मी गाडीत बसेपर्यंत हलले नाहीत.

त्यानंतर काहीच कळलं नाही. घोटीच्या गाडीला दुसराच कंडक्टर दिसायला लागला. निरोप पोचला की नाही, वार कधी उजाडला आणि त्या दिवशी काय झालं, कोणाला विचारणार?

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, बेडकाची चाचणी कशाने चुकू शकते? मी म्हणालो, थंडीने. परीक्षक म्हणाले, पुस्तकात नाही हे. सबनीस सर खिडकीबाहेर बघत होते. मला बेताचे मार्क मिळाले. पास झालो, आबांनी मळ्यातल्या गड्यांना चहा पाजला, आणि मुलगा काय करतो या प्रश्नाचं उत्तर ते "दवाखान्यात मोठ्या कामावर आहे" असं द्यायला लागले. त्याच पावसाळ्यात ते एकदा सकाळी मळ्यातून आले आणि म्हणाले, तुझा तो पाहुणा शेवंतीत बसलाय, पायात लाल दोरा आहे. मी गेलो तोवर तो निघून गेला होता.

वर्ष-दोन वर्षांत आमच्याकडेही काचपट्टीची तपासणी आली. टाकीतले उरलेले बेडूक सोडून दिले. अभ्यासक्रमात ते त्यानंतरही काही वर्षं राहिले. मी दोन दवाखाने बदलले, मग या लॅबमध्ये स्थिरावलो. आता मळा नाही. तिथे प्लॉट पडले, त्यातल्याच एकावर आम्ही राहतो. हजारो रिपोर्ट दिले असतील, त्यांतला एकही आठवत नाही. न दिलेला तेवढा आठवतो. जानेवारीत थंडी पडली की खिडकीवर पत्ता लिहून घेताना घोटी ऐकलं की मी मान वर करायचो. बाई कोण आहे ते पाहायचो आणि पुन्हा मान खाली घालायचो.

या मार्चमध्ये एक म्हातारी खिडकीशी आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बाटली. साखर तपासायची होती. मी म्हणालो, संध्याकाळी रिपोर्ट मिळेल.

"आता बी बेडूकच सांगतो का?" तिने विचारलं.

मी उठून बाहेर आलो. ओळख सांगितली. ती मला ओळखेना, पण बेडूक तिच्या पक्का लक्षात होता. बाकावर बसवून पाणी दिलं आणि विचारलं. इतकी वर्षं विचारायचं होतं तेच, डॉक्टरांच्या त्या वारी काय झालं.

भागाबाईंनी सावकाश सांगितलं. मी गेलो त्या रविवारी घरची सगळी माणसं शेतावर होती. डॉक्टरांनी दिलेला वार नेमका बाजाराचा निघाला. "भात इकायचं सोडून कोन जातं? म्हनलं, पुढल्या आठवड्याला बघू." त्या पुढल्या आठवड्याच्या आत कंडक्टर आला. मधे त्याला दुसऱ्या गाडीवर टाकलं होतं. त्याला घर काही सापडलं नाही, म्हणून त्याने स्टँडवरच्या चहावाल्याला निरोप दिला. दिवस मावळेपर्यंत अख्ख्या घोटीने भागाबाईंना वाटेत थांबवून सांगितलं होतं की दुसरा बेडूक हो म्हणाला.

"मग?"

"मग म्हनलं, आता नको जायला. दोन बेडकांचं भांडान हाय, मिटू दे आधी."

"मिटलं का?"

"मिटलं की." तिने फाटकाकडे मान वळवली. रिबिनी बांधलेली एक मुलगी फाटकाला लटकून रस्ता बघत होती. "सातवीला हाय. नाशकात मामाकडं ऱ्हाती. हुशार हाय, पर आगाव लय."

मी मुलीकडे बघत राहिलो. बाजाराचा दिवस, कंडक्टर, चहावाला, सगळ्यांचा यात हात होता. आमच्या कॉलेजचा तेवढा कुठे सापडेना.

"बरं झालं भेटला," भागाबाई म्हणाल्या. "तिची आई आजून इचारती. म्हनती, त्या दादाला कधी गाठ पडली तर इचारा, त्यो पयला बेडूक बरा झाला का."

"बरा झाला," मी म्हणालो. "आबांना मळ्यात दिसला होता. पायात दोरा तेवढा राहिला."

"सांगते तिला," ती म्हणाली, आणि पिशवीतली बाटली काढून माझ्या हातात दिली.